गुडघ्याखालची राज्यक्रांती: क्युलॉत, पाटलोण आणि साँ-क्युलॉत यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की बॅस्टिल, गिलोटिन आणि 'ब्रेड नसेल तर केक खा' एवढंच बहुतेकांना आठवतं. विजारींचा विषय निघाला की मात्र प्रश्न थांबत नाहीत. ते विचारणाऱ्यांत नववीतली मुलं असतात, स्पर्धा परीक्षावाले असतात आणि दर डिसेंबरात एकांकिका बसवणारी मंडळीही असतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडत असेल तिथे तसा क्रमांक दिला आहे.

1. 'साँ-क्युलॉत' म्हणजे नेमकं काय? ते लोक विजारीच घालत नव्हते का?

घालत होते, आणि चांगली घोट्यापर्यंत. 'साँ' म्हणजे 'विना' आणि 'क्युलॉत' म्हणजे गुडघ्याशी संपणारी तंग तुमान. म्हणजे साँ-क्युलॉत हा 'गुडघी तुमान न घालणारा' माणूस. तो उघडा नव्हता, तो लांब पाटलोण घालायचा. गैरसमज मात्र शब्दातच आहे, कारण 'क्युलॉत' हा शब्द 'क्यु' म्हणजे ढुंगण यावरूनच आला. हिणवणाऱ्यांना तो बरोबर सापडला होता: ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी नागडा माणूस यावा, मग गरीब. हा हिणवण्याचा शब्द पुढे मिरवण्याचा कसा झाला, ते प्रश्न 5 मध्ये आहे.

2. ही क्युलॉत दिसायची कशी? आपल्याकडे तिच्यासारखं काही होतं का?

जुन्या मराठी कागदांत 'चोळणा' भेटतो, म्हणजे आखूड तुमान. लांबीपुरती तुलना तिथे थांबते, कारण क्युलॉतची सगळी गंमत तिच्या तंगपणात आहे. मांडीवर बसेल अशी शिवलेली, गुडघ्याच्या खाली बटणांनी किंवा बक्कलने आवळलेली, आणि त्याखाली रेशमी मोजे. सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या युरोपात पुरुषाची पोटरी ही दाखवायची गोष्ट होती. रिगोने 1701 मध्ये काढलेलं चौदाव्या लुईचं चित्र लूव्र संग्रहालयात आहे. राजाने तेव्हा साठी ओलांडली होती, पण चित्रात नजर आधी जाते ती पांढऱ्या मोज्यांतल्या त्याच्या पायांवर. झगा मुद्दाम बाजूला सारून पाय पुढे केलेला आहे. ज्यांच्या पोटऱ्या बारीक, ते मोज्यांच्या आत गाद्या भरत. हे मी रंगवून सांगत नाही, अशा भरावाच्या पोटऱ्या खरोखर वापरात होत्या.

आता हे सगळं नेसून दिवसभर सुतारकाम करून बघा.

3. मग कामकरी लोक लांब पाटलोणच का घालत?

कारण ती स्वस्त पडायची आणि तिच्यात वाकता यायचं. क्युलॉत म्हटली की मोजे आले. रेशमी मोजा एकदा उसवला की गेला आणि सुती किंवा लोकरीचा सतत धुवावा लागतो. पॅरिसचा चिखल तर कुप्रसिद्ध होता. पायी चालणाऱ्याच्या पांढऱ्या मोज्यांवर तो दहा पावलांत उडायचा. म्हणजे ज्याचे मोजे संध्याकाळपर्यंत पांढरे, तो घोडागाडीतून आला हे न विचारता कळायचं. जाड्याभरड्या कापडाची, ढगळ, कधी पट्ट्यापट्ट्यांची पाटलोण हे सगळं झाकायची. खलाशी, सुतार, नदीकाठचे हमाल यांचा तो कामाचा वेश होता.

एक पुस्ती जोडायला हवी. सगळे गरीब पाटलोण घालत आणि सगळे श्रीमंत क्युलॉत, अशी रेघ प्रत्यक्षात नव्हती. खेड्यातला शेतकरीही जाड कापडाची गुडघी तुमान घालायचा. पॅरिसमध्ये जुन्या कपड्यांचा बाजार मोठा होता. धन्याची उतरलेली क्युलॉत नोकराच्या अंगावर, तिथून जुन्या बाजारात आणि तिथून कुणाच्याही अंगावर जायची. त्यामुळे रस्त्यावर 'विना-क्युलॉत' माणसाइतकाच 'विटक्या क्युलॉतचा' माणूसही दिसत असणार. ठसठशीत फरक दिसतो तो चित्रांत, आणि चित्रांबद्दल प्रश्न 8 वाचा.

4. सामान्य माणसाने क्युलॉत घालू नये असा कायदा होता का?

क्रांतीच्या वेळी नव्हता. कुणी काय नेसावं याचे हुकूम फ्रान्समध्ये पूर्वी निघत, पण अठराव्या शतकात त्यांना कुणी विचारत नव्हतं. ते काम किंमतच करत होती.

वेशावरून दर्जा दाखवण्याचा एक सरकारी प्रयोग मात्र क्रांतीच्या तोंडावरच झाला आणि तो अंगाशी आला. मे 1789 मध्ये व्हर्सायला तिन्ही वर्गांची सभा भरली, तेव्हा दरबाराने प्रत्येकाचा पोशाख ठरवून दिला. उमरावांना जरीकाम आणि पांढऱ्या पिसांची टोपी, धर्मगुरूंना त्यांचे झगे, आणि तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे बाकी सगळ्या प्रजेच्या, प्रतिनिधींना नुसता काळा कोट, काळी तुमान, काळे मोजे. हे प्रतिनिधी बहुतेक वकील आणि अधिकारी, म्हणजे घरी क्युलॉतच घालणारे लोक. त्यांना विजारीची नव्हे, तर रांगेत ओळखू येईल असं काळं केल्याची चीड आली. 4 मेच्या मिरवणुकीत लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या या काळ्या रांगेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सभेने हे वेशभेद काढून टाकले. क्रांतीतलं पहिलं कपड्यांचं भांडण हे असं सुशिक्षित मध्यमवर्गाचं होतं. कामगार अजून त्यात आलाच नव्हता.

5. हिणवण्याचा शब्द अभिमानाचा कसा झाला?

मुंबईत 'घाटी' हा शब्द हिणवायला वापरतात आणि काही जण तोच छाती काढून मिरवतात, तसंच काहीसं झालं. शब्दाची सुरुवात मात्र कारखान्यात नाही, दिवाणखान्यात दिसते. मादाम द तांसँ ही बाई आपल्या बैठकीत येणाऱ्या लेखकांना नववर्षाला तुमानीपुरतं मखमली कापड भेट द्यायची, अशी गोष्ट प्रसिद्ध होती. तेव्हा 'विना-क्युलॉत' म्हणजे ज्याला कुणी आश्रयदाता नाही असा कफल्लक लेखक, हा त्या वर्तुळातला विनोद. क्रांती सुरू झाल्यावर राजाच्या बाजूच्या पत्रकारांनी तो शब्द उचलला आणि रस्त्यावरच्या राजकारणाला चिकटवला.

1792 मध्ये रस्त्याने तो शब्दच काढून घेतला. 20 जून 1792 ला जमाव तुइलरी राजवाड्यात घुसला, तेव्हा एका काठीच्या टोकाला काळी क्युलॉत निशाणासारखी टांगलेली होती. त्याच दिवशी सोळाव्या लुईला क्रांतिकारकांची लाल टोपी घालावी लागली आणि राष्ट्राच्या नावाने पेला उचलावा लागला. त्याच्या पायांत क्युलॉत तशीच राहिली, पण वरून मात्र तो साँ-क्युलॉत झाला. 10 ऑगस्टला पुन्हा हल्ला झाला, तो सशस्त्र होता, आणि राजेशाही संपली. त्यानंतर पॅरिसात 'मी साँ-क्युलॉत' हे सांगणं हे ओळखपत्र दाखवण्यासारखं झालं.

6. साँ-क्युलॉत म्हणजे पॅरिसमधले सगळ्यात गरीब लोक, बरोबर?

नाही, आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. त्यांचा कणा म्हणजे कारागीर, छोटे दुकानदार, कारखान्यातले मदतनीस: चांभार, सुतार, शिंपी, दारूचे गुत्तेवाले. पूर्वेचं सांत-आंत्वान हे सुतारांचं उपनगर त्यांचा बालेकिल्ला. त्यांतले काही स्वतः दोन-चार गडी ठेवणारे मालकही होते. सांतेर हा त्यांचा गाजलेला पुढारी बिअरच्या भट्टीचा धनी होता. शहराच्या 48 विभागांच्या सभा हे त्यांचं राजकारणाचं ठिकाण, आणि पावाचा भाव बांधून द्या ही त्यांची सतत चाललेली मागणी. सप्टेंबर 1793 मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या कमाल किमतीचा कायदा झाला, तो मुख्यतः त्यांच्या रेट्यामुळे.

एप्रिल 1793 मधलं एक पत्रक फार वाचनीय आहे. 'साँ-क्युलॉत म्हणजे काय' या आगाऊ प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेलं. त्याचा सारांश असा: जो पायी चालतो, ज्याच्याकडे लाखो नाहीत, वाडे नाहीत, नोकर नाहीत, जो बायकोमुलांसह चौथ्या किंवा पाचव्या मजल्यावर साधेपणाने राहतो. ज्याला नांगरता येतं, करवत चालवता येते, छप्पर शाकारता येतं, जोडे शिवता येतात. भर सगळा कामावर आणि चालण्यावर आहे. (पाचवा मजला म्हणजे स्वस्त जागा, लिफ्ट नव्हती. मुंबईतल्या वाचकाला हे उलटं वाटेल.)

7. पुस्तकात आहे की जॅकोबिनांनी लांब पट्टेरी विजारी घातल्या. मग जॅकोबिन आणि साँ-क्युलॉत एकच का?

एक नव्हेत. जॅकोबिन हा राजकीय क्लब होता. त्याचे मोठे पुढारी वकील, पत्रकार, अधिकारी. साँ-क्युलॉत ही रस्त्यावरची आणि विभागसभांतली ताकद. 1792 ते 1794 या काळात दोघांनी एकमेकांचा हात धरला म्हणून पाठ्यपुस्तकांत ते एका ओळीत येतात. क्लबातल्या काहींनी कामगारी वेश घेतला हे खरंच.

पण रोबेस्पिअर बघा. जॅकोबिनांचा सगळ्यात मोठा नेता शेवटपर्यंत केसांना पावडर लावत होता आणि क्युलॉतच घालत होता. जून 1794 मधल्या परमेश्वराच्या उत्सवात तो आकाशी निळा कोट आणि पिवळसर नानकिन कापडाची क्युलॉत घालून मिरवणुकीच्या पुढे चालला. 'पेर द्युशेन' या वर्तमानपत्रात शिवराळ कामगारी भाषा लिहिणारा एबेर स्वतः टापटीप राहायचा. जनतेच्या नावाने बोलायला जनतेचा वेश लागतोच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि जनतेनेही ते बराच काळ चालवून घेतलं. आपल्याकडच्या खादीधाऱ्यांबद्दल नेमका उलटा अनुभव आहे, पण तो विषय निराळा.

8. एकांकिकेसाठी साँ-क्युलॉतचा पूर्ण वेश हवा आहे. काय काय लागेल?

लांब ढगळ पाटलोण, शक्यतो निळ्या-पांढऱ्या किंवा लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. खांद्यावरून येणारे पट्टे. वर 'कारमान्योल' नावाचं कमरेपर्यंतचं आखूड जाकीट. याच नावाचं गाणं आणि नाचही आहे. डोक्यावर पुढे झुकणारी लाल टोपी आणि तिच्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या फितीचं फूल. पायांत लाकडी खडावांसारखे पण बंद जोडे, ज्यांना 'साबो' म्हणतात. हातात भाला. पट्टेरी पायजमा सरळ चालून जातो, फक्त नाडी दिसू देऊ नका. त्या काळी पाटलोणीला पुढे बटणांनी लागणारा रुंद पडदा असे.

आता खरी गंमत. ज्या चित्रावरून जगभरचे लोक हा वेश उचलतात, ते ब्वाली या चित्रकाराने 1792 मध्ये काढलेलं आहे. त्यातला हातात तिरंगी निशाण घेतलेला रांगडा कामगार म्हणजे सिमों शेनार, व्यवसायाने ऑपेरातला गायक. साव्हॉय प्रांताच्या मुक्तीनिमित्त ऑक्टोबर 1792 मध्ये झालेल्या उत्सवासाठी तो असा नटला होता. म्हणजे साँ-क्युलॉतचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र हे वेश घेतलेल्या नटाचं चित्र आहे. तुमची एकांकिका परंपरेला धरूनच आहे, काळजी नको. चित्र पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आहे.

9. हा वेश लोकांवर सक्तीचा होता का?

पाटलोण कधीच सक्तीची नव्हती. फितीचं फूल मात्र होतं: पुरुषांना जुलै 1792 पासून, बायकांना सप्टेंबर 1793 पासून. बाकी सक्ती शेजाऱ्यांच्या नजरेची. रेशमी मोजे घालून विभागसभेत जाणं 1793 मध्ये शहाणपणाचं नव्हतं, म्हणून ज्यांच्याकडे होते त्यांनी ते पेटीत ठेवले. भाषेचंही तेच झालं. अहो-जाहो सोडून सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करावं अशी जोरदार मागणी झाली आणि काही काळ तशी चालही पडली.

आणि मग आलं 29 ऑक्टोबर 1793 चं फर्मान: कुणीही, पुरुष असो वा स्त्री, दुसऱ्याला अमुक वेश घालायला भाग पाडू शकत नाही, ज्याला जे आवडेल ते त्याने घालावं. ऐकायला किती उदार! पण ते ज्या भांडणातून निघालं ते वाचलं की तोंड कडू होतं. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

10. बायकांना पाटलोण घालायचं स्वातंत्र्य मिळालं का?

नाही. उलट हीच या सगळ्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली गोष्ट आहे.

मे 1793 मध्ये पॅरिसात क्रांतिकारी प्रजासत्ताक स्त्रियांची एक संस्था निघाली. चॉकलेट करणारी पोलीन लेओं आणि नटी क्लेर लाकोंब या तिच्या पुढारी. लाल टोपी सगळ्या बायकांनी घालावी असा त्यांचा आग्रह होता. बाजारातल्या विक्रेत्या बायकांना तो मान्य नव्हता आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मारामारीपर्यंत गोष्ट गेली. प्रश्न 9 मधलं फर्मान निघालं ते या तक्रारीवर. राष्ट्रीय सभेतल्या चर्चेत फाब्र देग्लांतीन या प्रतिनिधीने भीती घातली की आज या टोपी मागताहेत, उद्या कमरपट्टा मागतील, मग पिस्तूल. दुसऱ्याच दिवशी, 30 ऑक्टोबरला, बायकांच्या सगळ्या राजकीय संस्था बंद करण्यात आल्या. पुरुषांनी वेश बदलला की ती क्रांती आणि बायकांनी बदलला की ते संकट, हा हिशेब एका दिवसात उघडा पडला.

7 नोव्हेंबर 1800 ला पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला: पुरुषी कपडे घालायचे असतील तर बाईने कचेरीत येऊन परवाना घ्यावा, तोही वैद्यकीय कारण दाखवून. रोझा बोनर या चित्रकर्तीने असा परवाना घेतला होता. घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यांत उभं राहून रेखाटनं करायला घोळदार झगा अडचणीचा होता. जॉर्ज सांद ही लेखिका परवान्याच्या भानगडीत न पडता पाटलोण घालून हिंडायची. 1892 आणि 1909 मध्ये सवलत मिळाली: हातात सायकलची मूठ किंवा घोड्याचा लगाम असेल तर हरकत नाही. सायकल भिंतीला टेकवून बाई चहाला गेली तर काय, हे हुकमात नव्हतं.

हा हुकूम पुढे कुणी पाळत नव्हतं, पण रद्दही कुणी केला नव्हता. 31 जानेवारी 2013 ला फ्रान्सच्या महिला हक्क मंत्री नजात व्हालो-बेल्कासेम यांनी अधिकृत उत्तरात स्पष्ट केलं की संविधानाच्या विरोधात असल्यामुळे तो आपोआप निकाली निघालेला आहे. ज्या शहराने पाटलोणीला क्रांतीचा झेंडा केलं, त्याच शहराच्या कागदांत ती बाईच्या अंगावर दोनशेहून जास्त वर्षं नियमबाह्य होती.

11. क्रांतीच्या दिनदर्शिकेत साँ-क्युलॉतांच्या नावाचे दिवस होते हे खरं का?

खरं. नव्या दिनदर्शिकेत 30 दिवसांचे 12 महिने होते, म्हणजे 360 दिवस. उरलेले 5, आणि लीप वर्षी 6, कुठल्याच महिन्यात बसत नव्हते. आपण चंद्र-सूर्याचा मेळ अधिक महिन्याने घालतो, त्यांनी वर्षाच्या शेवटी हे दिवस जोडले आणि नाव दिलं 'सांक्युलॉतीद'. सद्गुण, प्रतिभा, श्रम, लोकमत आणि पुरस्कार यांचे पाच सण, सहावा क्रांतीचा. नावं पाडणाऱ्यांत प्रश्न 10 मधला फाब्र देग्लांतीनच होता. 1795 मध्ये साँ-क्युलॉतांचे दिवस फिरले (प्रश्न 13), तेव्हा दिनदर्शिकेतूनही नाव उडालं आणि 'पूरक दिवस' असं निरुपद्रवी नाव आलं.

12. सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय पोशाख काढायचा प्रयत्न झाला होता ना?

झाला. मे 1794 मध्ये हे काम चित्रकार दाव्हिदकडे सोपवलं गेलं. त्याने अंगरखा, वरून झगा आणि पायांना घट्ट बसणारी लांब पाटलोण अशी चित्रं काढली. सुंदर आहेत. रंगभूमीवर शोभतील. रस्त्यावर जवळपास कुणी घातली नाहीत.

13. रोबेस्पिअर पडल्यावर पाटलोणवाल्यांचं काय झालं?

जुलै 1794 मध्ये रोबेस्पिअर गिलोटिनवर गेला आणि पॅरिसच्या रस्त्यांवर नवी पोरं आली, म्युस्कादँ. नावात कस्तुरीचा वास आहे, कारण ती अत्तर लावून फिरायची. तंग क्युलॉत, मोठ्या कॉलरचे कोट आणि हातात जाड सोटे. जॅकोबिन दिसला की बडवायचा. म्हणजे क्युलॉत परत आली ती नुसती फॅशन म्हणून आली नाही, तीही आता एका पक्षाचा गणवेश झाली होती.

त्याच हिवाळ्यात किमतींवरचा कायदा गेला, पाव महागला, उपासमार झाली. 1795 च्या एप्रिलमध्ये आणि मेमध्ये साँ-क्युलॉत पुन्हा उठले. मागण्या दोन: पाव, आणि 1793 चं संविधान. मे महिन्यात लष्कर घालून सांत-आंत्वान उपनगर नमवलं गेलं आणि लोकांची हत्यारं काढून घेतली गेली. एक संघटित ताकद म्हणून साँ-क्युलॉत तिथे संपले.

14. ते हरले, तर मग आज जगभर लांब पँट कशी? क्युलॉत कुठे गेली?

लांब पँटचं श्रेय एकट्या क्रांतीला देण्याचा मोह होतो, पण तारखा तसं सांगत नाहीत. नेपोलियनच्या दरबारात क्युलॉत होती, तो स्वतः पांढरी क्युलॉत घालायचा. राजे परत आल्यावरही दरबारी वेश तोच राहिला. लांब पाटलोण वरच्या वर्गात शिरली ती इतर दारांनी: सैनिकांच्या आणि घोडेस्वारांच्या वेशातून, इंग्लंडमधल्या मोकळ्या ग्रामीण पोशाखातून आणि उंच बुटांच्या चलनातून. 1820 च्या दशकानंतर रोजच्या वापरात तीच सर्रास झाली. क्युलॉत मग दरबारी समारंभांत आणि बड्या घरांतल्या नोकरांच्या गणवेशात उरली. इंग्लंडच्या दरबारी पोशाखात तर गुडघी तुमान विसाव्या शतकातही होती. मालकाचा वेश शेवटी नोकराच्या अंगावर जाऊन थांबला. कपड्यांच्या इतिहासात हे वारंवार घडतं.

क्रांतीने केलं ते एवढंच, पण ते थोडं नाही: लांब पाटलोण घालण्यातली लाज काढून टाकली.

15. दुकानात बायकांसाठी मिळणारी 'कुलॉट्स' आणि आपली 'पाटलोण' यांचा याच्याशी संबंध आहे का?

दोन्हींचा आहे. आजच्या कुलॉट्स म्हणजे घोळदार, पोटरीपर्यंतची, स्कर्टसारखी दिसणारी पँट. शब्द तोच, वस्तू वेगळी. खुद्द फ्रेंचमध्ये आज 'क्युलॉत' म्हणजे मुख्यतः बायकांची चड्डी, त्यामुळे पॅरिसच्या दुकानात हा शब्द जपून वापरा.

'पाटलोण' हा 'पँटलून'च्या घराण्यातला शब्द, आणि त्याचं मूळ आहे इटालियन लोकनाट्यातलं पांतालोने हे पात्र. व्हेनिसचा कंजूष म्हातारा व्यापारी, लांब लाल तंग विजार घालणारा, सगळ्यांनी ज्याची टिंगल करायची असा. क्रांतिकारकांनी मिरवलेल्या कपड्याचं नाव एका चिक्कू शेटजीवरून पडलेलं आहे.

16. आपल्याकडे गुडघ्यावरून असं राजकारण झालं का? की हे युरोपचंच खूळ?

झालं, आणि ते जास्त क्रूर होतं, कारण इथे किमतीचा पडदाही नव्हता. डिसेंबर 1930 मध्ये तमिळ प्रदेशातल्या रामनाड भागात कल्लर जातीच्या लोकांनी तिथल्या अस्पृश्यांवर बंधनं जाहीर केली. त्यांतलं एक असं की पुरुषांनी गुडघ्याखाली आणि कमरेच्या वर वस्त्र घेऊ नये. फ्रान्समध्ये गुडघ्याखालचा पाय दाखवणं हा मान होता आणि इथे तो झाकू न देणं ही शिक्षा. गुडघा तोच, पण त्याचा अर्थ काय ते ज्याच्या हातात ताकद तो ठरवणार.

गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 ला मदुराईत सदरा-टोपी सोडून आखूड पंचा घेतला आणि 1931 मध्ये त्याच वेशात ते बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटले. चर्चिलने त्याच वर्षी त्यांना अर्धनग्न फकीर म्हटलं होतं. हा टोमणा प्रश्न 1 मधल्या टोमण्याचा सख्खा भाऊ शोभतो.

17. गांधीजींचं पंचा घेणं आणि साँ-क्युलॉतांचं पाटलोण घेणं एकच म्हणायचं का? आणि मग डॉ. आंबेडकरांचा सूट कुठे बसतो?

हा प्रश्न चर्चेत हमखास येतो आणि त्याचं एका वाक्यात उत्तर मागणाऱ्यांपासून मी लांब राहतो. ज्याच्यापाशी लांब वस्त्र आहे त्याने ते सोडलं तर तो त्याग होतो. ज्याला ते नेसूच दिलं नाही, त्याने आखूड नेसलं तर त्यात त्याग कसला? म्हणून शेनारचा नट-वेश (प्रश्न 8) आणि गांधीजींचा पंचा एका बाजूला ठेवता येतील, कारण दोघांनी वरून खाली येऊन गरिबाचा वेश घेतला. उद्देशांत आणि किंमत मोजण्यात अर्थातच जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉ. आंबेडकरांचा सूट हा दुसऱ्या दिशेचा प्रवास आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीशी खरा, कागदोपत्री धागा जुळतो तो महाडला. डिसेंबर 1927 मधल्या सत्याग्रह परिषदेच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना व्हर्सायला भरलेल्या 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि तिथेच बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी वेगळा संवाद केला. तुमचं आखूड लुगडं ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती खूण पुसा, इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत लुगडं नेसा, असं त्यांनी सांगितलं.

बायकांनी ते मनावर घेतलं. लगेच, तिथेच, परिषद संपून घरी जायच्या आत. टिपणीस आणि चित्रे या सवर्ण घरांतल्या स्त्रियांनी त्यांना तसं नेसायला मदत केली, आणि आल्या तेव्हा आखूड लुगड्यात असलेल्या कितीतरी जणी परत निघाल्या त्या घोट्यापर्यंत नेसून.